जैसलमेरला एमटीबी (माउंटन बाईक) घेऊन जायचंय, गड्डा झाला की निघणार, प्लॅन तपासून द्या

हिप्परगा_रायडर :
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललंय, यंदा जायचंच ठरवलंय. आम्ही चौघं, सगळे सोलापूरचेच, रविवारी कधी नान्नज साईडला तर कधी तुळजापूर असं चालू असतं, एकदा येडशी रामलिंगपर्यंत पण जाऊन आलोय. आता वाळवंटात सायकल घालायचीय. जैसलमेर.

सायकली चौघांच्याही हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), तीन २९ इंची चाकाच्या आणि एक साडेसत्तावीसची, टायर २.१ ते २.२५, सगळ्यांना ट्यूब आहे. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, मी गाव सोडत नाही, अक्षता झाल्या, होम झाला, दारूकाम बघितलं की मग मोकळा, म्हणजे २० जानेवारीनंतर कधीही. पहिला दिवस जैसलमेर ते सम, ४० किमी, पण डांबरी घ्यायचाच नाही, सरळ वाळूच्या टेकड्यांवरून. दुसरा दिवस सम ते खुरी, तोपण सरळ रेषेत वाळूतून. तिसऱ्या दिवशी खुरीहून परत. रोज पहाटे ६ ला निघायचं, ऊन चढायच्या आत निम्मं अंतर मारायचं, तंबू आणि सामान पाठीवर.

फोटोतले ते धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, बघितले की झोप लागत नाही खरंच. ज्यांनी केलंय त्यांनी काय चुकतंय ते सरळ सांगा, राग मानणार नाही.

सातरस्ता :
भाऊ, जाताय ते फार बरं करताय. आम्ही दोघं नवराबायको तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या एमटीबी घेऊन गेलो होतो, सहा दिवस. म्हणून पहिलंच सांगते, धोऱ्यावर सायकल चालत नाही.

समला आम्ही संध्याकाळी रस्ता सोडून वाळूत शिरलो. आठ-दहा पेडल बरे गेले, मग पुढचं चाक आत रुतलं आणि हँडल आपोआप एका बाजूला वळलं, मी सरळ करायला गेले तर मागचं चाक जागच्या जागी खड्डा करत बसलं. उतरले, ढकलली, परत बसले, परत तेच. शंभर मीटरला चारदा उतरले असेन, बुटात वाळू, मोज्यात वाळू, आणि चेन अशी करकरायला लागली की नवऱ्याने लांबूनच ओरडून सांगितलं, आता पेडल मारू नको. त्या रात्री हेडलाईटच्या उजेडात टूथब्रशने चेन साफ करत बसलो होतो.

पण म्हणून वाळवंट सायकलचं नाही असं मुळीच नाही. थर म्हणजे सगळीकडे वाळू, ही समजूत मीपण घेऊनच गेले होते. जैसलमेरच्या आसपास मैलोनमैल कडक जमीन आहे, पिवळा दगड, त्यावर बारीक खडी, मधेच दगडाच्या लाद्या. तिथले लोक त्याला मगरा म्हणतात. आपला नान्नजचा माळ डोळ्यासमोर आणा आणि मुरमाच्या जागी पिवळा दगड घाला, झुडपं अजून विरळ करा. तिथे एमटीबी अशी पळते की थांबावंसं वाटत नाही. चढ फारसे नाहीत, गावच मुळात समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे, पण दगड सारखा हादरवतो आणि मधेच कुठेतरी दहावीस मीटरचा वाळूचा पट्टा येतो, तिथे खरी परीक्षा.

आम्ही जैसलमेरलाच मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला जायचो. एक दिवस बडा बागच्या छत्र्या बघून लोद्रव्याला, ती भाटी राजांची जुनी राजधानी, ११५६ मध्ये जैसलमेर वसलं त्याच्या आधीची. एक दिवस कुलधरा हे ओसाड गाव आणि पुढे खाबा. त्या पट्ट्यात पवनचक्क्या भरपूर आहेत आणि प्रत्येकीकडे जाणारा कच्चा रस्ता, बऱ्यापैकी दाबलेला, ट्रॅफिक शून्य. फाटक लावलेलं असेल तिथे शिरू नका, बाकी मजा आहे. एक दिवस अकलला, शहरापासून १७ किमी, तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत. मी एका ओंडक्यापाशी अर्धा तास बसून होते, सालीच्या रेषासुद्धा दिसतात.

कुलधराला लोक भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. तुम्ही तिथली खडीन बघा. पालीवाल ब्राह्मणांनी खडकाळ उताराच्या पायथ्याला लांबच लांब मातीचा बांध घातला, पावसाचं पाणी मगऱ्यावरून वाहून येतं आणि बांधाआड शेतात थांबतं, जिरलं की त्याच ओलीवर गहू हरभरा. वर्षाला जेमतेम दीडदोनशे मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात. आपण दुष्काळी भागातली माणसं, मला ते बघून भरून आलं होतं. जानेवारीत पीक उभं असतं, बांधावरून चालत जा, सायकल आत घालू नका.

आणि पहाटे ६ विसरा. जैसलमेर फार पश्चिमेला आहे, जानेवारीत सव्वासात वाजून गेल्यावर उजाडतं. अंधारात आणि ५-६ डिग्रीत बोटं ब्रेकवर वळत नाहीत. दिवसा २३-२५ डिग्री असते, ऊन चढायची भीती नाहीच, आरामात ८ ला निघा.

पूर्वभाग_सायकल :
मालक, ताईंनी वाळूचं सांगितलं, मी काट्याचं सांगतो. माझं दुकान आहे सायकलचं, पंक्चर हाच निम्मा धंदा. ट्यूब घालून तिकडं जाऊ नका, पाया पडतो. आपल्याकडं सराटे असतात तेच तिकडं पण आहेत, ते गोखरू म्हणतात. पावसाळ्यात वेल जमिनीवर पसरते आणि दिवाळीनंतर वाळून बिया सुटतात. ती बी बघितलीय का हातात घेऊन, कशीपण पडली तरी एक शिंग वर असतंच. गेल्या आठवड्यात होटगी रोडकडच्या रानातून एक सायकल आली, चिमट्यानं एक-एक काढले, पुढच्या एका चाकातून एकतीस निघाले. एकतीस ठिगळं कोण लावणार. शिवाय वेडी बाभूळ तिकडं पण पसरलीय, तिचा काटा टायरच्या कडेतून आरपार जातो.

उपाय एकच, ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टायरात भोक बुजवणारा द्रव, सीलंट, भरायचा. रिम टेप, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक चाकात १०० मिली सीलंट, २९ ला थोडं जास्त चालेल. कोरड्या हवेत सीलंट आतल्या आत लवकर वाळतं म्हणून महिनाभर आधी नको, निघायच्या आठवडाभर आधी भरा आणि १०० मिलीची बाटली सोबत ठेवा. काटा दिसला की लगेच उपटायचा नाही, चाक फिरवून काटा खाली आणायचा, मग काढायचा, म्हणजे सीलंट भोकावर येतं. मोठ्या भोकाला वातीचं किट, भोकात वात खुपसायची. तरीपण माणशी एक ट्यूब पाहिजेच, पण ट्यूब घालायच्या आधी टायर आतून बोटानं चाचपा, एक काटा राहिला की नवी ट्यूब पण गेली.

टायर २.१ म्हणजे अरुंदच. फ्रेममध्ये दोन्ही बाजूला ६ मिलीमीटर मोकळं राहत असेल तर २.३५ किंवा २.४ घाला. ओलं तेल चेनला लावू नका, वाळू धरून ठेवतं, मेणवालं ल्यूब लावा. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्या रोज संध्याकाळी मऊ कापडानं पुसा, सीलपाशी वाळू साठली की नळीवर ओरखडे पडतात आणि तो खर्च मोठा असतो.

माळावरचा_मास्तर :
सम ते खुरी सरळ रेष मारलीत, ती कुठून जाते ते नकाशावर बघितलंत का? ती राष्ट्रीय मरू उद्यानाच्या हद्दीतून जाते. ३१६२ चौरस किलोमीटरचं उद्यान आहे ते, आणि सुदासरी त्याच पट्ट्यात येते. तिथे माळढोक आहे.

मी शिक्षक होतो, १९८० नंतरच्या काळात शाळेतली मुलं सायकलींवर घेऊन नान्नजला जायचो. अभयारण्य १९७९ चं. बार्शी रोडने निघायचं, उजाडायच्या आत माळावर पोचायचं आणि गवतात पोटावर पडून राहायचं. एका सकाळी मी स्वतः आठ माळढोक मोजलेत, नर मान फुगवून उभा होता, अजून डोळ्यासमोर आहे. आता मी महिन्यातून एकदा जातो आणि वर्ष-वर्ष एकही दिसत नाही. काळवीट दिसतात, माळढोक नाही. जगात हा पक्षी दीडशेच्या आसपास राहिलाय आणि त्यातले बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं नाही. ती वेळ मुख्यतः उन्हाळा-पावसाळ्याची, तुम्ही जानेवारीत जाताय हे ठीक, पण थंडीतसुद्धा पक्षी दचकून उडाला तर धोका आहेच. नर १५ किलोपर्यंत भरतो, एवढ्या वजनाच्या पक्ष्याला झटकन वळता येत नाही, आणि डोळे बाजूला असल्याने समोरचं कमी दिसतं. उडाला की विजेच्या तारेवर जाऊन आदळतो. बरेच पक्षी असेच गेलेत. त्या पट्ट्यात आपण उगाच एकालासुद्धा उडवू नये असं मला मनापासून वाटतं.

ती सरळ रेष पुसून टाका, एवढी विनंती आहे. खुरीला जैसलमेरहून डांबरी रस्ता आहे, त्यानेच जा.

हिप्परगा_रायडर :
सर, पुसली. खरं सांगतो, मला माहीतच नव्हतं, नकाशावर मोकळी जागा दिसली म्हणून रेष ओढली. बाकीच्या तिघांनाही तुमची पोस्ट वाचून दाखवली.

जुळे_सोलापूर :
या चौघांतला चौथा मीच, साडेसत्तावीसवाला. मला फक्त पाणी आणि खाण्याचं सांगा, बाकी हा बघतोय. आणि कच्छचं रण का नको, असं मी म्हणत होतो, गुजरात जवळ पण आहे.

सातरस्ता :
कच्छ सुंदरच आहे, पण पांढरं रण म्हणजे सपाट मीठ, एमटीबीचं तिथे काम नाही, आणि ते खारट पाणी चेन-बेअरिंगला लागलं की गंज. धोळावीरा बघायला वेगळे जा, सायकलशिवाय.

पाण्याचं, थंडी आहे म्हणून तहान लागत नाही आणि हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, कपाळावर हात फिरवला की नुसतं मीठ हाताला लागतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, तहान लागो न लागो. पाठीवर ३ लिटरची बॅग आणि सायकलवर दोन बाटल्या, एकीत ओआरएस. गावात मागितलं तर पाणी मिळतं, लोक नाही म्हणत नाहीत, पण ते टाक्यात साठवलेलं पावसाचं नाहीतर टँकरचं असतं, लांबून आणलेलं, त्या पाण्याने सायकल धुऊ नका. आमच्यासमोर एकाने धुतली होती आणि तिथली म्हातारी बाई काही न बोलता नुसती बघत उभी होती.

खायला आपली कडक भाकरी न्या. यासारखं दुसरं काही नाही, पंधरा दिवस काही होत नाही, बॅगेत मोडली तरी तुकडे खाता येतात, शेंगाचटणी सोबत. धपाटे पहिल्या दोन दिवसांत संपवा. तिथे बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी मिळेलच, सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा.

सोलापूरचा_परदेशी :
काय करलालाव बे सगळे, धागा वाचून मला गावाची आठवण यायलीय. मी बाळे भागातला, आता अमेरिकेत युटामध्ये आहे, मोआबपासून चार तासांवर, दरवर्षी दोनदा जातो सायकल घेऊन. तिथं पण वाळवंटच आहे पण लाल खडकाचं. स्लिकरॉक म्हणून ट्रेल आहे, १९६९ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी आखली होती, आता सायकलवालेच जास्त, साधारण १० मैलांची, पण त्यात दम निघतो. नाव निसरडा दगड असं आहे आणि टायर मात्र सॅंडपेपरवर चिकटल्यासारखा चिकटतो, घोड्याच्या नालेला निसरडा होता म्हणून ते नाव.

दोन गोष्टी तिथं शिकलो त्या सांगतो. एक, मास्तर सर म्हणतात तेच, तिथं जमिनीवर काळसर खडबडीत पापुद्रा असतो, जिवंत असतो तो, शेवाळ-बुरशी-जिवाणू मिळून माती धरून ठेवतात, त्यावर एक चाक गेलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून सगळे खडकावर नाहीतर पडलेल्या वाटेवरच राहतात, लहान पोरंसुद्धा. तुम्ही पण पडलेली वाट सोडू नका बे.

दुसरं, वाळूचा पट्टा आला की काय करायचं. आधीच एक-दोन गिअर हलका करायचा, पट्ट्यात शिरल्यावर गिअर बदलायचा नाही. ढुंगण थोडं मागं, पुढच्या चाकावरचं वजन कमी, हँडल सैल धरायचं, चाक इकडं-तिकडं पोहायला लागतं, पोहू द्यायचं, नजर पट्ट्याच्या पलीकडं. पेडल एकसारखं, जोर लावून झटका दिला की मागचं चाक खणलंच म्हणून समज. पुढचा ब्रेक विसरून जायचा. आणि हवा कमी, ट्यूबलेस २.३५ ला ७० किलोच्या माणसानं खडकावर २२-२४ पीएसआय, वाळू जास्त असेल तर १८ पर्यंत. पण १८ वर दगडात जोरात गेला तर रिम आपटते, तेवढं ध्यानात ठेव. घरी सराव कर बे, सीनेच्या पात्रात जा.

हिप्परगा_रायडर :
हे भारी दिलं. रविवारी सीनेलाच जातो. आता सायकली न्यायच्या कशा, हा एकच प्रश्न राहिला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, पुढे वांद्रे टर्मिनसहून जोधपूर, जोधपूरहून जैसलमेर, असं बघतोय.

सातरस्ता :
आम्ही असंच गेलो होतो. दादरला उतरायचं आणि सायकलींसाठी टेम्पो करून वांद्रे टर्मिनस, लोकलच्या नादाला लागू नका. मधे चार-पाच तास तरी मोकळे ठेवा. पार्सल म्हणून बुक करू नका, तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करा, लगेज तुमच्याच गाडीत चढतं, पार्सल मागून कधीही येतं. माझी सायकल एकदा दुसऱ्याच प्रवासात पार्सलने टाकली होती, दोन दिवस उशिरा आली आणि मागचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर जिथे बसतो तो तुकडा, वाकलेला. ट्रिपचा पहिला दिवस हँगर सरळ करण्यातच गेला, तेव्हा रडू आलं होतं मला.

अजून एक, सीमेकडच्या गावांत बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय जाता येत नाही. तनोटला जायचं असेल तर मुख्य रस्त्यानेच, जैसलमेरहून १२० किमीच्या आसपास आहे, गाडी करून जा. ड्रोन घरी ठेवा. पोखरणकडे सैन्याची फायरिंग रेंज आहे, तिकडे रस्ता सोडून एक पाऊलही नाही, न फुटलेले गोळे असू शकतात. तारीख ठरवताना माघ पौर्णिमाही बघा, मरू महोत्सव त्याच वेळी असतो, सगळं भरलेलं असतं.

तंबूचं ओझं नको. रात्री थंडी असते, आणि बूट बाहेर राहिले की विंचू. तसेही सकाळी बूट झटकूनच घाला.

पूर्वभाग_सायकल :
पॅकिंगला दुकानात आणा, चौघांच्या मी करून देतो. मागचा डिरेलर हँगरवरून सोडून चेनसकट गादीत गुंडाळून फ्रेमच्या आत बांधायचा, म्हणजे ताईंसारखं होत नाही. डिस्क काढून वेगळ्या. चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मधे पुठ्ठा, नाहीतर प्रवासात कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि रानात बसून ते मागं ढकलणं वैताग आहे. फोर्कच्या टोकात लाकडी ठोकळा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटा घालवू नका. वरून जुनी सोलापुरी चादर दोन पदर आणि मग गोणपाट. चादरीसारखं पॅकिंग फोमला येत नाही, आणि तिकडं गेल्यावर रात्री पांघरायला होते.

हिप्परगा_रायडर :
रविवारचा रिपोर्ट.

सकाळी अण्णांच्या (पूर्वभाग_सायकल) दुकानातून दोन सायकली ट्यूबलेस करून घेतल्या, दोन मुद्दाम ट्यूबवर ठेवल्या. सीनेच्या पात्रात जिथे कोरडी वाळू होती तिथे काठीने दोन रेघा मारल्या, मधे चाळीस पावलं. ३० पीएसआयवर मी दहा पावलांत आडवा. २४ वर वीसेक पावलं. १८ वर, ढुंगण मागं, हँडल सैल, नजर पलीकडे, पहिल्यांदा पडलो, दुसऱ्यांदा पडलो, पाचव्यांदा पलीकडे. चौथा गडी आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर ओरडला. चाक वाळूत खरंच पोहतं, हातात जाणवतं ते, आणि आपण हँडलला सोडून दिलं की ते स्वतःच सरळ होतं. हे वाचून कळत नव्हतं.

परतताना मुद्दाम गवताच्या कडेकडेने कच्च्या वाटेने आलो. ट्यूबवाल्या दोन्ही सायकली तीन किलोमीटरच्या आत बसल्या. ट्यूबलेसच्या मागच्या चाकात नऊ सराटे निघाले, जिथे जिथे काढला तिथे सीलंटचा पांढरा ठिपका, हवा घरी मोजली तर फक्त २ पीएसआय कमी. राहिलेल्या दोन्ही उद्या अण्णांकडे.

प्लॅन आता असा, २२ जानेवारीला सोलापूर सोडायचं. जैसलमेरला एकाच ठिकाणी मुक्काम, पहिल्या दिवशी लोद्रवा, दुसऱ्या दिवशी कुलधरा-खाबा आणि खडीन, तिसऱ्या दिवशी अकल, चौथ्या दिवशी खुरी डांबरीने. समला संध्याकाळी जीपने, धोरा पायी चढायचा. पाचवा दिवस रिकामा ठेवलाय, सर, तो तुमच्यासाठी. जैसलमेरला वनखात्याच्या ऑफिसात परवानगी काढून सुदासरीला गाडीने जाऊन येणार, सायकली खोलीवर.

माळावरचा_मास्तर :
सकाळी लवकर जा, दुर्बीण माझी घेऊन जा, जुनी आहे पण काच चांगली आहे. दिसला तर गाडीतून उतरू नका. वेळ लिहा, नर की मादी ते लिहा, किती होते, कुठल्या दिशेला चालत गेला, एवढं लिहून आणा.

हिप्परगा_रायडर :
शनिवारी संध्याकाळी दुर्बीण न्यायला घरी येतो सर. वही घेतलीय, दोनशे पानी.